अल्प उत्पन्नात स्वतःचे घर : मुरुडच्या संदर्भात काही विचार

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा. शिक्षण आणि नोकरीच्या बळावर पहिल्या दोन गरजा आपल्या बऱ्याच कुटुंबांनी भागविल्या आहेत. निवाऱ्याचा प्रश्न मात्र मुरुडसारख्या ठिकाणी दिवसेंदिवस कठीण होत चालला आहे. बँकेत काम करीत असल्यामुळे घरकर्जाची अनेक प्रकरणे नजरेखालून जातात. त्यावरून सुचलेल्या काही गोष्टी येथे मांडीत आहे.

मुरुडला जागा महाग का, हे प्रथम पाहू. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस डोंगर व १९८६ साली घोषित झालेले फणसाड अभयारण्य. मधली सपाट जमीन थोडी, आणि त्यातही नारळ-सुपारीच्या वाड्या. जंजिरा किल्ला आणि काशीदचा किनारा यांमुळे पर्यटक वाढले. सुट्टीपुरते घर घेणारे मुंबई-पुण्याचे लोक आले. २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यावर मुंबई आणखी जवळ आली. म्हणजे पगारावर राहते घर घेणारा आणि हौसेखातर दुसरे घर घेणारा, हे दोघे एकाच बाजारात उभे आहेत. भावाच्या शर्यतीत पहिला दुसऱ्यापुढे टिकणार नाही, हे उघड आहे.

मग सामान्य माणसाचे बळ कशात आहे? ते बँकेच्या दीर्घ मुदतीच्या कर्जात आहे. आणि बँक कर्ज देते ते कागद पाहून. म्हणूनच माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या जागेवर बँक कर्ज देत नाही ती जागा कितीही स्वस्त असली तरी आपल्यासाठी सर्वांत महाग होय. अशी जागा घेणारा दागिने मोडतो, सावकाराकडे जातो आणि पुढे घर बांधण्यासही त्याला कर्ज मिळत नाही.

कागद कोणते पाहावेत?

जमीन असेल तर सातबारा आणि त्यावरील सर्व फेरफार वाचावेत. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचे नाव, कर्जाचा बोजा किंवा बहिणींचे हक्क लिहिलेले असतात. घाईत नेमका तोच रकाना वाचायचा राहतो. 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले असेल तर परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. आपल्यापैकी अनेकांकडे असलेल्या जुन्या वतनी जमिनींनाही ही गोष्ट लागू पडते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द होऊन या जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या, आणि त्यांच्या हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. हे घेणाऱ्याने जसे लक्षात ठेवावे तसेच विकणाऱ्यानेही.

शेतजमीन घ्यायची असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो. शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या व्यवहारांवर बंधने आली. अलीकडे त्यांत सवलती दिल्या गेल्या असल्या तरी त्या आपल्या गटाला लागू आहेत का, हे पैसे देण्यापूर्वी तहसील कार्यालयात विचारावे. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत आणि खाडीच्या काठालाही किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. ते प्रथम १९९१ साली आले आणि २०१९ मध्ये नव्याने अधिसूचित झाले. राजपुरी किंवा एकदरा येथे पाण्यालगतची जागा घेताना ही चौकशी आधी करावी.

दोन गैरसमज येथे दूर केले पाहिजेत. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. आणि नोटरीपुढे केलेला कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेलेच हवे. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. त्याची फी ही काटकसर करण्याची जागा नाही.

तयार सदनिका घेत असाल तर प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहावी. हा कायदा २०१६ चा असून नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. भाव नेहमी चटई क्षेत्रावर विचारावा.

हिशेब कसा मांडावा?

समजा, घराची किंमत १२ लाख रुपये ठरली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते. म्हणजे स्वतःचे किमान १ लाख २० हजार हवेत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी जागेप्रमाणे मिळून साधारण पाच ते सात टक्के, म्हणजे ६० ते ८४ हजार. वकील आणि दुरुस्ती धरता सव्वादोन ते अडीच लाख हाताशी असल्याखेरीज बयाणा देऊ नये. घर पत्नीच्या एकटीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. येथे १२ हजार वाचतात आणि घरातील स्त्रीला हक्काचे छप्परही मिळते. विकणारा काही रक्कम रोखीने मागत असेल तर नकार द्यावा. २०१५ पासून अशा व्यवहारात २० हजार किंवा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास मनाई आहे, आणि कागदावर नसलेल्या पैशावर बँक कर्जही देत नाही.

आता हप्ता. १० लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ८,९९७ रुपये येतो. तेच १५ वर्षांसाठी घेतल्यास १०,१४३ रुपये. महिन्याला साडेअकराशे रुपये जास्त भरले तर एकूण सुमारे ३ लाख ३३ हजारांचे व्याज वाचते. ज्यांना हे आज झेपत नाही त्यांनी मुदत २० वर्षांची घ्यावी आणि बोनस किंवा थकबाकी मिळेल तेव्हा मुद्दलात भरावी. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. मात्र हप्ता हाती येणाऱ्या पगाराच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावा. मुलांचे शिक्षण थांबवून बांधलेले घर हे प्रगतीचे लक्षण नव्हे.

आधी घरातले पाहा

नवी जागा शोधण्यापूर्वी गावठाणातील वडिलोपार्जित घराचा विचार करावा. भावंडांनी एकत्र बसून, मुलींचा समान हक्क मान्य करून वाटणी किंवा हक्कसोडपत्र नोंदवावे. मोबदला न घेता जवळच्या नात्यात केलेल्या अशा हक्कसोडपत्रास मुद्रांक नाममात्र लागते. नावे एकदा सरळ झाली की त्याच जागेवर बांधकामासाठी कर्ज मिळू शकते आणि जमिनीचा पैसा पूर्ण वाचतो. घर एकदम मोठे बांधू नये. पाया पुढच्या मजल्याचा विचार करून घालावा आणि आधी दोन खोल्या उभ्या कराव्यात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आपल्या भागातील किती छपरे उडविली, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून रंग-फरशीत बचत करावी, छपरात करू नये.

अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. गावात तिची चौकशी ग्रामपंचायत व पंचायत समितीकडे आणि शहरात नगरपरिषदेकडे करावी. शहरी भागासाठी २०२४ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा मंजूर झाला. त्यात वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबांचा विचार होतो. अर्ज करण्यासाठी दलालाची गरज नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या वस्तीत शिकलेली मुले-मुली आहेत, सेवानिवृत्त कर्मचारी आहेत. कोणी घर घेणार असे कळले की त्यांनी त्या कुटुंबाबरोबर बसून सातबारा वाचावा, हिशेब मांडून द्यावा, निबंधक कार्यालयापर्यंत सोबत जावे. यास पैसा लागत नाही, आणि एका कुटुंबाची आयुष्यभराची कमाई त्यामुळे वाचू शकते.