यंदा अंधेरीला जायचंच!

संध्याकाळी साडेसातच्या आत पोळ्या उरकायची माझी घाई पाहून हे हसतात. पण मैत्रिणींनो, मुंबई सिटीचा फुटबॉल सामना चुकवायचा कसा? १३ मार्च २०२१ ला गोव्यात बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल करून इंडियन सुपर लीगचा करंडक मिळवून दिला आणि मला हे वेड लागलं. ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असं हरवून पुन्हा करंडक आणला. नव्या मोसमाचं भाकीत विचाराल तर बचावफळी टिकली की आणखी एक येणार!

माझी आशा मात्र वेगळीच. लग्नाला अठरा वर्षं झाली, स्वतःसाठी एक दिवस मागितला नाही. यंदा कसाऱ्याहून लोकल पकडायची, दादरला गाडी बदलायची आणि अंधेरीच्या मैदानावर सामना पाहायचा. परतीच्या गाड्या पाठ आहेत. त्या दिवशी पोळ्या ह्यांनी लाटाव्यात!