अकरणाचे पाप

मराठीत पाप 'केले' जाते. तेव्हा काही न करणे हे पाप कसे, अशी शंका सहज उद्भवते. ख्रिस्ती धर्मविचारात तिचे उत्तर निःसंदिग्ध आहे. सत्कर्म कोणते हे जाणूनही जो ते करीत नाही, त्यास याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पापी ठरविले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय याहून कठोर. न्यायाच्या वेळी डावीकडे उभे केलेल्यांवर चोरीचा वा हत्येचा आरोपच नाही. भुकेल्यास अन्न दिले नाही, आजाऱ्याची व बंदिवानाची विचारपूस केली नाही, एवढाच दोष. दोषदर्शक क्रियापदे मूळ ग्रीकमध्येही सारी नकारार्थी आहेत (व्याकरणाच्या अभ्यासकास हे लक्षणीय वाटावे), आणि शिक्षा मात्र सार्वकालिक!

नित्यकर्माच्या अकरणाने लागणारा प्रत्यवाय आपल्या शास्त्रचर्चेत परिचित आहे. पण तेथे प्रश्न विधीचा, येथे शेजाऱ्याचा. लूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्रास 'पेंढ्याचे पत्र' म्हणून हिणविले. तथापि सत्कर्मे ही श्रद्धेची फळे होत, हे त्यासही मान्यच होते.

रोमन कॅथलिक उपासनेतील लॅटिन पापकबुलीत विचार, वाणी व कृती ही तीनच पदे असत. 'ओमिस्सिओने', म्हणजे अकरणाने, हे चौथे पद १९७० च्या मिस्साग्रंथात आले.