पाळण्याखाली कोण उभं आहे?

शब्बाथ सुरू होण्याआधी ठाण्याला आईला फोन करायचा, हा माझा डब्लिनमधला नेम. तिचा ठरलेला प्रश्न, "पाळण्यातच काम करतोयस ना रे?" सिझर लिफ्टला आमच्या घरी पाळणा म्हणतात. बाबा मुंबईत बांबूच्या परांचीवर चढून रंगकाम करायचे. त्यापुढे चारी बाजूंनी कठडा असलेला हा पाळणा तिला घरासारखा सुरक्षित वाटतो. मलाही वाटायचा.

मी इलेक्ट्रिशियन. आयर्लंडमध्ये बांधकामावर जायला सेफ पास कार्ड लागतं, ते ४ वर्षं चालतं. लिफ्ट चालवायचं प्रशिक्षण वेगळं. माणसं उचलणाऱ्या यंत्राची दर ६ महिन्यांनी तपासणी होऊन जीए-१ अहवालात नोंद होते. आमच्या साइटवर हे सगळं चोख होतं.

एका गोदामात छताजवळ केबल ट्रे बसवताना माझा सोबती लिफ्ट वर घेत होता. नजर ट्रेकडे, पाठीमागे लोखंडी तुळई. ती पाठीला टेकली आणि तो पुढे कंट्रोलवर दाबला गेला. अंगाच्या भाराने दांडाही दाबलेला, म्हणून यंत्र वरच चाललेलं. ओरडायला छातीत हवा नाही. खाली आम्ही तिघे, आणि लिफ्ट खालून कशी उतरवायची हे एकालाही माहीत नव्हतं! पलीकडून एक म्हातारा आयरिश फोरमन धावत आला. त्याने खालच्या पॅनेलची चावी फिरवली, वरच्या दांड्याचा हुकूम तोडला आणि पाळणा उतरवला. दोन बरगड्यांवर निभावलं.

छाती दाबली गेली की श्वास घेता येत नाही. मग हातात मिनिटंच असतात, अँब्युलन्स येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. म्हणून खालचं पॅनेल आणि वीज गेल्यावर हाताने उतरवायची खुंटी कुठे आहे, हे खालच्या माणसाने काम सुरू होण्याआधीच पाहून ठेवावं. प्रत्येक मॉडेलची जागा निराळी असते. उतरवताना कात्रीत कुणाचा हात नाही ना, हेही बघायचं. सुटलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणतोच, ऐकू नका. आत रक्तस्राव होत असू शकतो. त्याला बसवून ठेवा, चहापाणी देऊ नका, ११२ किंवा ९९९ लावा.

दुसरा शत्रू वारा, आणि तो इथे कायमचा पाहुणा. बाहेर वापरायच्या बहुतेक लिफ्टना ताशी ४५ किलोमीटरपर्यंतच मुभा असते; काही तर फक्त घरातल्या कामाच्या. प्लेटवर लिहिलेलं असतं, वाचतो कोण? २०१० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात फुटबॉलच्या सरावाचं चित्रीकरण करणारा २० वर्षांचा विद्यार्थी उंच केलेल्या सिझर लिफ्टसकट कोसळून गेला. वाऱ्याचे झोत ताशी ८५ किलोमीटरच्या घरात होते. कठडा शाबूत असून काय उपयोग? पत्रे किंवा प्लायवूड वर नेलं की त्याचं शीड होतं, तेव्हा तर आणखी जपायचं.

आता वर जाण्याआधी मी खालच्या सोबत्याकडून एकदा लिफ्ट उतरवून घेतो. पोरं हसतात. तो दोन बरगड्यांवाला मात्र हसत नाही.