धूर कोणाचा?

धुराला सरहद्द ठाऊक नसते. चुलीचा धूर जसा शेजाऱ्याच्या ओटीवर जातो, तसा एका खंडावरील कारखान्यांचा व मोटारींचा धूर समुद्र ओलांडून दुसऱ्या खंडावर उतरतो. वसंत ऋतूंत पूर्व आशियावरील वादळें तेथील दूषित हवा वर उचलतात; पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे वारे ती पॅसिफिक महासागरावरून नेतात, आणि सुमारें आठवडाभरांत तिचा कांहीं अंश उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोंचतो. असें घडतें याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो किती घडतें याविषयीं. आणि मापाशिवाय केलेला आरोप म्हणजे नुसता कांगावा होय.

असें माप घेण्यास कृत्रिम उपग्रहासारखें साधन नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटतें. १५ जुलै २००४ रोजीं अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेनें ‘ऑरा’ नांवाचा उपग्रह आकाशांत सोडला. सुमारें ७०५ किलोमीटर उंचीवरून तो पृथ्वीभोवतीं फिरूं लागला. अशा उपग्रहावरील उपकरणें हवेला स्पर्श करीत नाहींत. तीं केवळ प्रकाशाचे व उष्णतेचे किरण पाहतात. प्रत्येक वायु कांहीं ठराविक किरण शोषून घेतो. कोणते किरण किती गळाले, यावरून कोणता वायु किती आहे याचें गणित मांडावयाचें.

परंतु येथेंच अडचण आहे. विहिरीच्या कांठावरून वाकून पाहणाऱ्यास पाणी गढूळ आहे एवढें कळतें. गाळ कोणत्या थरांत आहे हें नेमकें सांगतां येत नाहीं. उपग्रहालाही हवेचा उभा स्तंभ बहुतांशीं एकत्रच दिसतो. ढग आडवे येतात. आणि जमिनीलगतची जी हवा माणसें श्वासावाटे घेतात, तीच त्याला फार अंधुक दिसते. दृष्टि अपुरी पडते तेथें गणिताला पूर्वानुमानाची जोड द्यावी लागते. अनुमान चुकलें कीं उत्तरही चुकतें.

म्हणून २००६ सालच्या मार्च ते मे महिन्यांत ‘इंटेक्स-बी’ नांवाची मोहीम निघाली. तिच्या दुसऱ्या टप्प्यांत नासाचें ‘डीसी-८’ विमान हवाई बेटांतील होनोलुलू व अलास्कांतील अँकरेज येथून पॅसिफिकवर उडालें. मूळच्या या उतारू विमानांत यंत्रें बसवून त्याची प्रयोगशाळा केलेली होती. उपग्रह माथ्यावरून जाण्याची वेळ गांठून तें त्याच जागीं घिरट्या घालीत एकेक थर पार करी. नळ्यांवाटे बाहेरची हवा आंत येई, आणि ओझोन, कार्बन मोनॉक्साइड इत्यादींचीं मापें टिपलीं जात. कांहीं हवा पोलादी डब्यांत भरून पुढील पृथक्करणासाठीं नेण्यांत येई.

मग दोन्ही साक्षीदार समोरासमोर उभे राहिले. येथेंही न्यायानें वागावें लागतें. विमानाला थर न् थर वेगळा कळतो, उपग्रहाला तो पुसट दिसतो. म्हणून विमानाचे आकडे आधीं उपग्रहाच्या पुसट दृष्टींतून पाहिल्यासारखे करून घेतात, आणि मगच तुलना करतात. या व अशाच इतर तपासण्यांत ‘ऑरा’वरील ‘टेस’ हें उपकरण ओझोनचें प्रमाण किंचित् चढें दाखवितें असें आढळलें. यांत उपकरणाची नाचक्की नाहीं. तागडीला पासंग किती आहे हें एकदां कळलें म्हणजे तीच तागडी खरें वजन सांगूं लागते.

विमान, उपग्रह, फुगे व जमिनीवरील केंद्रें यांचीं मापें एकत्र करून शास्त्रज्ञांनीं हिशेब मांडला. ऑरेगॉन राज्यांतील माउंट बॅचलर येथें, २.७ किलोमीटर उंचीवर, त्या वसंतांत हवेच्या एक अब्ज भागांत ओझोन सरासरी ५४ भाग होता. त्यांपैकीं सुमारें ९ भाग आशियांतील प्रदूषणाचे ठरले. त्यांतही ३ भागांचा फरक इकडे वा तिकडे संभवत होता. पश्चिम अमेरिकेंत जमिनीलगत हा वाटा ५ ते ७ भाग निघाला.

आंकडे लहान, पण परिणाम मोठे. अमेरिकेनें ओझोनची मर्यादा २००८ सालीं ७५ व २०१५ सालीं ७० भागांवर आणली. मर्यादेच्या कांठावर असलेल्या शहराला पांच-सात भाग म्हणजे उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा प्रश्न होय. मापांत चार भागांची चूक राहिली, तर शहराला परक्याच्या धुराचा दंड भरावा लागेल. किंवा घरच्या धुराचें खापर परक्याच्या माथीं फोडतां येईल. ५४ पैकीं उरलेले पंचेचाळीस भाग आशियाच्या नांवावर मांडतां येत नाहींत, हेंही त्याच हिशेबानें दाखविलें.

‘टेस’चें काम २०१८ सालीं थांबलें. ‘डीसी-८’ची अखेरची मोहीम २०२४ च्या आरंभीं आशियांतच झाली. फिलिपाइन्स, दक्षिण कोरिया, थायलंड इत्यादि देशांच्या सहकार्यानें तें त्यांच्या आकाशांत उडालें, आणि दक्षिण कोरियानें २०२० सालीं सोडलेल्या ‘जेम्स’ उपकरणाच्या मापांची पडताळणी झाली. ज्यांच्या धुराविषयीं बोललें जातें, तेच मोजणीस सहकार्य करूं लागले, हें विशेष होय. दुरून डोंगर साजरे दिसतात. धूर मात्र दुरून कोणाचाही वाटतो. तो कोणाचा व किती, हें सांगण्यापूर्वीं त्या हवेंत जाऊन पाहणें, यांतच न्याय आहे.