एकही आरसीटी नाही, तरीही अ‍ॅड्रेनलिन आधी का?



पेटच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "ताई, सगळ्यात भक्कम पुरावा कोणता म्हणायचा?" खरं तर उत्तर सगळ्यांना पाठ असतं. सगळ्यात वर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, त्याखाली आरसीटी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली चाचणी. त्याखाली निरीक्षणात्मक अभ्यास आणि तळाला एकेका रुग्णाच्या नोंदी. एमएस्सीला असताना मीही हा पिरॅमिड असाच घोकला होता. तो कुठे अपुरा पडतो हे मला एका घरच्या प्रसंगामुळे कळलं. आजचा लेख त्याबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही कोकणात आत्याकडे होतो. कलमांत काम करताना तिला मानेवर गांधीलमाशी चावली. दहा मिनिटांत अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, आवाज बसला. रिक्षात घालून तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे दोन इंजेक्शनं दिली, एक अ‍ॅलर्जीचं आणि एक स्टेरॉईडचं. "आता बरं वाटेल, बसून राहा," असं सांगितलं. थोड्या वेळाने मळमळतंय म्हणून आत्या मोरीकडे जायला उठली आणि दारातच कोसळली. नाडी लागेना. मग डॉक्टरांनी धावत येऊन तिला आडवं केलं, पाय वर धरले आणि मांडीत तिसरं इंजेक्शन दिलं. ते अ‍ॅड्रेनलिनचं होतं. काही मिनिटांत ती बोलायला लागली.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं, "हे आधीच का नाही दिलं?" ते म्हणाले, "ते जोखमीचं असतं, म्हणून शेवटी ठेवतो. आणि आधी द्यायलाच हवं, असं दाखवणारी एक तरी आरसीटी आहे का?"

मी परत आल्यावर शोधलं. खरंच एकही नाही. मग डॉक्टरांचं बरोबर होतं का?

आधी आजार समजून घेऊ

१९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पुढे पॅरिसला येऊन त्यांनी सी-अ‍ॅनिमोनच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर केले. विषाची थोडी थोडी सवय लावली तर संरक्षण मिळेल, अशी अपेक्षा होती. घडलं उलटंच. पहिल्या डोसमधून सावरलेले कुत्रे काही आठवड्यांनी दिलेल्या छोट्याशा डोसने काही मिनिटांत मेले. संरक्षणाच्या उलट, म्हणून त्यांनी १९०२ मध्ये या प्रकाराला अ‍ॅनाफिलॅक्सिस हे नाव दिलं. १९१३ मध्ये रिशे यांना याच कामासाठी नोबेल मिळालं.

आज आपल्याला यंत्रणा बरीच कळली आहे. एखाद्या पदार्थाविरुद्ध शरीरात आयजीई अँटिबॉडी तयार झालेल्या असतात आणि त्या मास्ट पेशींवर चिकटून बसलेल्या असतात. तोच पदार्थ परत आला की या पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात. हिस्टामिन, ल्युकोट्राइन, ट्रिप्टेज आणि इतर बरीच रसायनं एकदम रक्तात येतात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळू लागतात, त्यामुळे बीपी घसरतं. श्वासनलिका आवळतात, घसा सुजतो. हे सगळं मिनिटांच्या हिशोबात होतं. कोविडची लस घेतल्यावर आपल्याला अर्धा तास बसवून ठेवायचे, ते यासाठीच.

तीन औषधं, तीन वेगळी कामं

अँटिहिस्टामिन फक्त हिस्टामिनला अडवतं. खाज आणि पित्त कमी होतं, पण बाकीची रसायनं आपलं काम करतच राहतात. बीपी वर येत नाही, घशाची सूज उतरत नाही. स्टेरॉईडचा मुख्य परिणाम पेशीतल्या जनुकांमार्फत होतो, त्याला काही तास लागतात. अ‍ॅड्रेनलिन मात्र एकाच वेळी रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाला जोर देतं, श्वासनलिका मोकळ्या करतं आणि मास्ट पेशींमधून आणखी रसायनं सुटणं कमी करतं. म्हणजे बिघाड जिथे जिथे झाला आहे, तिथे तिथे ते पोचतं.

पण थांबा. यंत्रणा पटली म्हणून औषध चालतंच असं नाही. कागदावर सुंदर दिसणारी कितीतरी औषधं प्रत्यक्षात फसली आहेत. मग पुढचा पुरावा कोणता?

शून्य आरसीटीचा अर्थ

२००८ मध्ये कॉक्रेनच्या गटाने अ‍ॅनाफिलॅक्सिसमधल्या अ‍ॅड्रेनलिनवर रिव्ह्यू केला. निकषांत बसणारी एकही चाचणी सापडली नाही. इथे थांबलो तर डॉक्टरांचं म्हणणं खरं वाटतं. पण याच आजारासाठी अँटिहिस्टामिनवर आणि स्टेरॉईडवरही कॉक्रेनचे वेगळे रिव्ह्यू आहेत. तिथेही योग्य आरसीटी शून्यच!

ही गोष्ट माझ्या डोक्यात आधी आलीच नव्हती. "अ‍ॅड्रेनलिनला पुरावा नाही" म्हणताना आपण गृहीत धरतो की दुसऱ्या बाजूला काहीतरी आहे. दोन्ही पारड्यांत आरसीटी नसेल, तर निर्णय उरलेल्या पुराव्यावर करावा लागतो. आणि तो दोन्हीकडे सारखा नाही.

उरलेला पुरावा काय सांगतो?

पहिला, मृत्यूंचा अभ्यास. ब्रिटनमध्ये पम्फ्री यांनी अ‍ॅनाफिलॅक्सिसने झालेले मृत्यू एकेक करून तपासले आणि २००० मध्ये निष्कर्ष मांडले. श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक वेळ असा होता: अन्नामुळे झालेल्या प्रतिक्रियेत ३० मिनिटं, कीटकदंशात १५ मिनिटं, आणि उपचारादरम्यान दिलेल्या औषधांमुळे झालेल्या प्रतिक्रियेत फक्त ५ मिनिटं. यातल्या ६२ टक्के रुग्णांना अ‍ॅड्रेनलिन मिळालं होतं, पण हृदय किंवा श्वास बंद पडण्याआधी मिळालेले फक्त १४ टक्के होते.

इथे एक सापळा आहे, मुलाखतीत हमखास विचारला जातो. या अभ्यासात फक्त मृत्यू आहेत, वाचलेले लोक नाहीत. म्हणजे छेदच नाही. त्यामुळे "लवकर दिलं असतं तर इतके टक्के वाचले असते" असं यावरून म्हणता येत नाही. पण "आपल्या हातात वेळ किती असतो" याचं उत्तर मात्र मिळतं.

दुसरा, औषध रक्तात पोचण्याचा अभ्यास. सायमन्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये १७ मुलांवर हे मोजलं. मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनलिन सरासरी ८ मिनिटांत रक्तात उच्चांकाला पोचलं. त्वचेखाली दिलेल्याला सरासरी ३४ मिनिटं लागली. २००१ मध्ये १३ निरोगी तरुण पुरुषांवर केलेल्या अभ्यासात मांडीच्या स्नायूतली पातळी दंडापेक्षा जास्त आढळली. मर्यादा उघड आहेत: माणसं थोडी, आणि मोजमापाच्या वेळी कुणालाच अ‍ॅनाफिलॅक्सिस झालेला नव्हता.

आता हे दोन अभ्यास शेजारी ठेवा. कीटकदंशात मध्यक १५ मिनिटं, आणि त्वचेखालून उच्चांकाला ३४ मिनिटं. मांडीच्या स्नायूत ८. एकट्याने अर्धवट असलेले दोन पुरावे एकत्र आल्यावर बोलायला लागतात.

तिसरा अभ्यास माझा सगळ्यात आवडता. टास्मानियात जॅक जंपर नावाची मुंगी आहे, तिच्या दंशाने लोकांना अ‍ॅनाफिलॅक्सिस होतो. ब्राऊन आणि सहकारी विषाच्या इम्युनोथेरपीची चाचणी घेत होते, त्यात स्वयंसेवकांना रुग्णालयात देखरेखीखाली मुद्दाम मुंगी चावू दिली जायची. ज्या १९ जणांना उपचार लागले, त्यांना ठरलेल्या पद्धतीने शिरेतून हळूहळू अ‍ॅड्रेनलिन दिलं. सगळे सावरले. पण औषध थांबवून पाहिलं तेव्हा ९ जणांत लक्षणं परत आली, आणि पुन्हा सुरू केल्यावर परत गेली. हा निष्कर्ष २००४ मध्ये आला.

तुलनेचा गट नाही, तरी हा पुरावा कमकुवत का वाटत नाही? कारण इथे तोच माणूस स्वतःची तुलना आहे. औषध बंद, त्रास सुरू. औषध सुरू, त्रास बंद. मात्र हे शिरेतून, सतत मोजमाप चालू असताना दिलेलं औषध होतं. त्यावरून मांडीतल्या इंजेक्शनबद्दल थेट आकडा काढायचा नाही.

मग आरसीटी करून टाकू ना?

कोसळणाऱ्या माणसाला खोटं इंजेक्शन देऊन वाट बघायची, असा प्रस्ताव कुठली एथिक्स कमिटी मंजूर करेल? चाचणी तेव्हाच नैतिक ठरते, जेव्हा कोणता उपचार बरा याबद्दल तज्ज्ञांना खरोखर शंका असते. इथे ती नाही. "आरसीटी नाही" याचा अर्थ कधी "कुणी तपासलं नाही" असा असतो, तर कधी "तपासणंच योग्य नाही" असा. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना हा फरक नोंदवा.

मग दवाखान्यांच्या नोंदी काढून तुलना करावी का? करता येते, पण सांभाळून. अ‍ॅड्रेनलिन बहुतेक वेळा जास्त गंभीर रुग्णालाच दिलं जातं. त्यामुळे आकड्यांत "अ‍ॅड्रेनलिन घेतलेले जास्त दगावले" असं दिसू शकतं. दोष औषधाचा नसतो, निवडीचा असतो. याला कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात. माझ्या मते डॉक्टरांच्या मनातली भीतीही थोडी अशीच तयार होते. शेवटी दिलेल्या औषधाच्या नावावर शेवटच्या क्षणाचे वाईट अनुभव जमा होतात.

जोखमीचा मुद्दाही पूर्ण खोटा नाही. शिरेतून एकदम दिलं किंवा डोस चुकला तर हृदयाला धोका होतो. मांडीच्या स्नायूत योग्य डोस दिला तर सहसा थरथर, धडधड, चेहरा पांढरा पडणं इतकंच होतं आणि ते ओसरतं. डोस साधारण किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५. गरज पडली तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. धोका औषधाचा आहे की मार्गाचा, हा प्रश्न वेगळा काढला की गोंधळ बराच कमी होतो.

लक्षात काय ठेवायचं?

संशोधनासाठी: एखादा अभ्यास पिरॅमिडमध्ये कितव्या पायरीवर आहे हे विचाराच, पण तिथे थांबू नका. तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो आणि कोणत्या प्रश्नाचं नाही, हे दोन रकान्यांत लिहा. मग वेगवेगळ्या मर्यादा असलेले पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात का ते बघा.

आणि घरासाठी, कारण मी डॉक्टर नाही पण आत्याला कोसळताना पाहिलंय: दंश, औषध किंवा खाण्यानंतर अंगावर पित्त उठून सोबत श्वास, आवाज, चक्कर किंवा उलट्यांचा त्रास सुरू झाला तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर पाय पसरून बसू द्या, उलट्या होत असतील तर कुशीवर वळवा. पण उठवून चालवू नका. पम्फ्री यांनीच २००३ मध्ये नोंदवलं आहे की काही मृत्यू रुग्णाला उभं केल्यावर किंवा बसतं केल्यावर लगेच झाले. दवाखान्यात पोचल्यावर स्पष्ट विचारा, "हा अ‍ॅनाफिलॅक्सिस असेल का? अ‍ॅड्रेनलिन द्यायचं का?" बरं वाटलं तरी काही तास देखरेखीखाली थांबा, त्रास परत उलटू शकतो.

त्या डॉक्टरांना मी हे तिन्ही अभ्यास छापून नेऊन दिले. त्यांनी शांतपणे वाचले आणि मुंगीच्या अभ्यासावर बराच वेळ प्रश्न विचारले. मागच्या दिवाळीत गेले तेव्हा त्यांच्या टेबलाशेजारच्या ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनलिनची अँप्युल आणि सिरिंज सगळ्यात पुढे ठेवलेली होती.

पुढच्या लेखात कन्फाउंडिंगची आणखी उदाहरणं घेऊ. तोपर्यंत तुमच्या विषयातला असा एक "शून्य आरसीटी" असलेला प्रश्न शोधून ठेवा.