बाळंतिणीसाठी गोठवलेली आमटी

१९१६ साली क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकी निसर्गअभ्यासक पत्नी एलनॉर आणि अवघ्या काही आठवड्यांच्या मुलाला घेऊन आजच्या कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये राहायला गेला. आधीच्या मुक्कामात त्याने तिथल्या इन्युइट लोकांना बर्फात भोक पाडून मासे पकडताना पाहिलं होतं. उणे ४० अंशांच्या आसपासच्या वाऱ्यात मासा पाण्याबाहेर येताच टणक होई आणि कित्येक आठवड्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागे. आता घरात तान्हं मूल होतं आणि ताजी भाजी जहाज येईल तेव्हाच मिळायची. बर्ड्सआयने कोबीची पानं मिठाच्या पाण्यात थर देऊन पिंपात गोठवून ठेवली. पुढे १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरात त्याच्या पद्धतीने गोठवलेले पदार्थ दुकानात विकायला आले.

आज पुण्यात किंवा म्यूनिकमध्ये आठव्या महिन्यात फ्रीझर भरायला बसलेलं जोडपं त्याच वाटेने चाललेलं असतं. माहेरी जाणं जमत नाही, आईचा व्हिसा वेळेत येत नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात. सवा महिना बाळंतिणीला वेळेवर गरम जेवण मिळायला हवं, ही गरज मात्र तशीच आहे. ती डब्यांतून भागवणं मला अजिबात कमीपणाचं वाटत नाही. फक्त ते गोठवणं नीट समजून करायला हवं.

शुद्ध पाणी ० अंशाला गोठतं. आमटीतलं पाणी मीठ-गुळामुळे जरा उशिरा, उणे एक-दोन अंशांना गोठू लागतं आणि उणे पाचपर्यंत त्यातला बराचसा भाग बर्फ होतो. हा टप्पा रेंगाळत पार झाला तर स्फटिक थोडे पण मोठे होतात. ते भाजीच्या आणि मांसाच्या पेशींमधलं पाणी ओढून घेतात, पेशींची आवरणं फाडतात, आणि वितळल्यावर ताटात पाणी सुटतं. हाच टप्पा झपाट्याने पार झाला तर असंख्य बारीक स्फटिक तयार होतात आणि पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात.

घरच्या फ्रीझरमध्ये लॅब्राडोरचा वारा नाही. फ्रीझरमधली हवा उष्णता फार सावकाश वाहून नेते. आपल्या हाती उरते ती जाडी. जाडी वाढली की गोठायला लागणारा वेळही वाढतो, आणि जाडी निम्मी केली की तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणून खोल डब्यापेक्षा आमटी पिशवीत भरून, हवा काढून, दोन सेंटिमीटर जाडीची सपाट लादी करावी आणि ती स्टीलच्या ताटावर ठेवावी. धातू उष्णता पटकन ओढून घेतो. बर्ड्सआयही आपली पाकिटं दोन थंडगार धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबूनच गोठवायचा. काचेची बरणी काठोकाठ भरू नये, कारण पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि बरणी तडकते.

काय गोठवावं, हे पदार्थाच्या रचनेवरून ठरतं. वरण, आमटी, राजमा, छोले, मटणाचा रस्सा यांतल्या पेशी शिजून आधीच मऊ झालेल्या असतात, त्यामुळे बर्फाला बिघडवण्यासारखं फारसं उरत नाही. रस्सा दोन-तीन महिने छान टिकतो, मात्र त्यातला बटाटा स्पंजासारखा होतो. दही फुटतं. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरी होतो. पोळ्यांचं गणित वेगळं आहे. शिजलेलं स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट रचना धरतं आणि हे सर्वात वेगाने घडतं ते फ्रिजच्या चार-पाच अंशांना. म्हणून फ्रिजमधली पोळी चिवट होते. निवलेल्या पोळ्या थेट फ्रीझरमध्ये टाकल्या आणि तिथून तव्यावर घेतल्या तर मऊ राहतात. फोडणी मात्र त्या दिवशीच करावी. तिचा सुगंध साठवण्यासारखा नसतो.

सगळ्यात मोठा गैरसमज सुरक्षिततेबाबत आहे. फ्रीझर जंतूंना मारत नाही, त्यांची वाढ थांबवतो. उणे १८ अंशांना निवांत पडून राहिलेले जंतू वितळताच कामाला लागतात. म्हणून फ्रीझरमध्ये जाण्याआधीचे तास निर्णायक असतात. आपल्याकडे पातेलं ओट्यावर रात्रीपर्यंत निवत ठेवतात, कारण गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवू नये असं शिकवलेलं असतं. त्यात तथ्य आहे, पण सहा तास कोमट राहणं त्याहून वाईट. भातातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजूनही जगतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष नंतर कितीही गरम केलं तरी नष्ट होत नाही. परातीत गार पाणी घ्या, पातेलं त्यात ठेवून ढवळा किंवा अन्न पसरट ताटांत काढा. दोन तासांच्या आत ते फ्रीझरकडे निघायला हवं. लिस्टेरिया हा जंतू तर फ्रिजच्या गारव्यातही वाढतो, आणि गरोदरपणात त्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. तो उष्णतेने मरतो, म्हणून गोठवलेली लादी थेट पातेल्यात टाकून खळखळून उकळावी.

आपल्या आज्या फ्रीझरशिवाय हेच काम करत होत्या. डिंकाच्या लाडवात तळलेला डिंक, खारीक, सुकं खोबरं, तूप आणि गूळ असतो. मोकळं पाणी जवळपास नाही आणि जे आहे ते गुळाने धरून ठेवलेलं. जंतूंना वापरता येणाऱ्या पाण्याचं मोजमाप ० ते १ असं करतात. ते ०.६ च्या खाली गेलं की कुठलाही जंतू वाढू शकत नाही. फ्रीझरही थंडीच्या जोडीला हेच करतो, पाणी बर्फात अडकवतो. म्हणून डिंकाच्या लाडवांनी फ्रीझरमधली जागा अडवू नये, त्यांना घट्ट झाकणाचा डबा पुरतो. अळिवाचे लाडू मात्र ओल्या नारळाचे. ते बाहेर लगेच बिघडतात, तेव्हा त्यांना जरूर गोठवावं.

एक सूचना प्रसूतीच्या दिवसांसाठी. सगळे दवाखान्यात असताना घरची वीज गेली तर कळायचं कसं? वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. परतल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मध्यंतरी सगळं वितळून पुन्हा गोठलंय, ते अन्न टाकून द्यावं. भरलेला फ्रीझर दार न उघडल्यास साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा मात्र बहुधा उणे १८ गाठत नाही. तिथे महिन्यांचा साठा करू नये, आठवड्याभराचाच करावा.

आणि मागच्या बाजूचा एक कोपरा रिकामा ठेवा, दारापासून दूर, जिथे तापमान सर्वात स्थिर असतं. आई कामावर परतेल तेव्हा काढून ठेवलेलं दूध तिथे ठेवता येईल. फ्रिजमध्ये ते चार दिवस चालतं, उणे १८ अंशांना सहा महिन्यांपर्यंत उत्तम राहतं. फ्रिजमध्ये पूर्ण वितळल्यावर ते २४ तासांत वापरावं, पुन्हा गोठवू नये, आणि मायक्रोवेव्हमध्ये न तापवता कोमट पाण्यात बाटली धरून गरम करावं.