संघ मोडला तो मॉस्कोतच

सोव्हिएत संघ का कोसळला, याची दोन उत्तरे आपल्याकडे फार पूर्वीच पक्की झाली आहेत. डाव्यांच्या मते गोर्बाचेव्ह यांनी घात केला; उजव्यांच्या मते रेगन यांनी शस्त्रस्पर्धेत दमवून मारले. एरवी कशावरही एकमत नसलेल्या या दोघांचे गृहीतक मात्र एकच आहे: रशिया आपले साम्राज्य राखू पाहत होता आणि ते त्याच्या हातून निसटले. 1990 आणि 1991 या दोन वर्षांतले ठराव, मतदान आणि करार क्रमाने पाहिले, तर घडले ते जवळजवळ उलट. संघातून बाहेर पडण्याची धडपड लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया करत होते हे खरेच. पण हे तीन छोटे देश गेल्याने महासत्ता संपत नव्हती. ती संपली, कारण तिच्यात रशियालाच रस उरला नाही.

याचे मूळ संघाच्या घडणीतच आहे. 1922मध्ये स्टालिन यांना इतर प्रजासत्ताके रशियात स्वायत्त प्रदेश म्हणून सामावून घ्यायची होती. लेनिन यांनी ते होऊ दिले नाही. सगळी प्रजासत्ताके कागदोपत्री समान ठरली आणि त्यांना फुटून निघण्याचा हक्कही मिळाला. 1977च्या घटनेतही, कलम 72मध्ये, तो शाबूत होता. पक्षाची पकड असेपर्यंत त्याला काडीचा अर्थ नव्हता. पण या रचनेत एक विचित्र गोष्ट होती. निम्मी लोकसंख्या आणि तीन चतुर्थांश भूभाग असलेल्या रशियन प्रजासत्ताकाला स्वतःचा कम्युनिस्ट पक्ष नव्हता, विज्ञान अकादमी नव्हती, गुप्तहेर खातेही नव्हते. युक्रेनला, उझबेकिस्तानला हे सारे होते. कारण उघड आहे: रशियाचा वेगळा पक्ष निघाला असता, तर तो केंद्राला तुल्यबळ ठरला असता. त्यामुळे रशियन माणूस एकीकडे संघालाच आपला देश मानत आला, आणि दुसरीकडे आमचे तेल नि वायू कवडीमोलाने इतरांकडे जातात, आमच्या खेड्यांना मात्र धड रस्ते नाहीत, अशी कुरकुरही करत राहिला. 1989च्या लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसमध्ये लेखक व्हॅलेंटिन रासपुतिन यांनी विचारले, की आम्ही एवढे नकोसे झालो असू, तर रशियानेच संघ सोडावा का? तो टोमणा होता. वर्षभरात त्याचे राजकारण झाले.

12 जून 1990 रोजी रशियाच्या प्रतिनिधिसभेने सार्वभौमत्व जाहीर केले: बाजूने 907 मते, विरोधात फक्त 13. यापुढे रशियाच्या भूमीवर संघाच्या कायद्यांपेक्षा रशियाचे कायदे श्रेष्ठ, असा त्याचा अर्थ. रशियाचे नेते येल्त्सिन यांचा गोर्बाचेव्ह यांच्यावरचा राग सर्वश्रुत आहे, आणि सारे खापर त्या वैयक्तिक वैरावर फोडण्याची सोयही आहे. पण 907 माणसे एका माणसाच्या रागापोटी हात वर करत नाहीत. त्यांत कम्युनिस्टही थोडे नव्हते. जानेवारी 1991मध्ये लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये फौजेने गोळीबार केला, तेव्हा येल्त्सिन तातडीने एस्टोनियातल्या टालिनला गेले, बाल्टिक नेत्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि रशियन सैनिकांना नागरिकांवर हत्यार चालवू नका, असे आवाहन केले. केंद्राला बळाचा मार्ग अवघड करणारा हा माणूस रशियाचाच निर्वाचित नेता होता. त्या वर्षी रशियाने संघाच्या तिजोरीत जाणारा महसूलही रोखून धरायला सुरुवात केली. मार्चच्या सार्वमतात सहा प्रजासत्ताकांनी बहिष्कार घातला, तरी मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे 76 टक्क्यांनी संघ टिकावा असाच कौल दिला. पण रशियात त्याच मतपत्रिकेसोबत दुसरा प्रश्न होता: रशियाचा अध्यक्ष थेट जनतेने निवडावा का? लोकांनी दोन्हींना होकार दिला, आणि दुसऱ्या होकाराने पहिला निकामी केला. जूनमध्ये येल्त्सिन लोकांच्या मतांवर अध्यक्ष झाले. गोर्बाचेव्ह यांनी असा कौल कधी घेतलाच नव्हता.

तेलाचे काय, असा आक्षेप येईल. 1986मध्ये तेलाचे भाव कोसळले, आयात धान्याचे पैसे भागेनात, अफगाणिस्तानातल्या नऊ वर्षांच्या युद्धात सुमारे 15,000 सोव्हिएत सैनिक गेले. हे सगळे खरे आहे, आणि राज्य दुबळे का झाले याचे ते पुरेसे स्पष्टीकरणही आहे. पण दुबळे राज्य फुटतेच असे नाही. मॉस्कोची मदत आटल्यावर क्युबावर उपासमारीची वेळ आली, तरी तिथली राजवट तगली. दारिद्र्याने संघ कसा खिळखिळा झाला ते कळते. तो नेमका प्रजासत्ताकांच्या रेषांवर का तुटला, ते कळत नाही.

युक्रेनचा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1 डिसेंबर 1991 रोजी तिथल्या 90 टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याला होकार दिला, आणि युक्रेनवाचून संघ अशक्य होता. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतरचा तिथला संताप मॉस्कोने निर्माण केलेला असला, तरी स्वातंत्र्याची इच्छा युक्रेनची स्वतःची होती. तिचे श्रेय रशियाला देणे अन्यायाचे होईल. तरीही त्याच युक्रेनमध्ये मार्चमध्ये सुमारे 70 टक्के मते संघाच्या बाजूने पडली होती. मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध कट्टर कम्युनिस्टांचा फसलेला उठाव झाला आणि संघाची खाती एकामागून एक येल्त्सिन यांच्या हाती गेली. युक्रेनला आता केंद्र उरले नव्हते. समोर होता तो रशिया. 8 डिसेंबरला बेलोवेझच्या जंगलात येल्त्सिन, युक्रेनचे क्राव्हचुक आणि बेलारूसचे शुश्केविच यांनी संघ संपल्याचे जाहीर केले. चार दिवसांनी रशियाच्या सर्वोच्च सोव्हिएतने तो करार 188 विरुद्ध 6 मतांनी मान्य केला. सगळ्यात शेवटी, 16 डिसेंबरला, स्वातंत्र्य जाहीर केले ते कझाकस्तानने. वसाहत म्हणायची, तर ती इतकी सावकाश निघत होती!

ओझे उतरले की आपण झपाट्याने युरोपसारखे होऊ, ही मॉस्कोची अपेक्षा होती. 2 जानेवारी 1992 रोजी दरांवरची बंधने उठली आणि वर्षभरात ते 25 पटींहून अधिक वाढले. लोकांची बचत धुऊन निघाली. पुरुषांचे सरासरी आयुर्मान 1990मध्ये 64च्या घरात होते, ते 1994पर्यंत 58च्याही खाली आले. सुमारे अडीच कोटी रशियन एका रात्रीत परदेशात राहू लागले. येल्त्सिन यांनी नोव्हेंबर 1990मध्येच युक्रेनशी करार करून असलेल्या सीमा मान्य केल्या होत्या. तरी ऑगस्ट 1991मध्ये त्यांच्याच प्रवक्त्याने सीमांच्या फेरविचाराचा हक्क राखून ठेवत असल्याचे सांगितले. डिसेंबरमध्ये 188 मतांनी संघ बुडवणाऱ्या त्याच सर्वोच्च सोव्हिएतने मे 1992मध्ये क्रिमिया युक्रेनला देण्याचा 1954चा निर्णय रद्दबातल ठरवला, आणि जुलै 1993मध्ये सेवास्तोपोल रशियाचे शहर असल्याचा ठराव केला. मार्च 1996मध्ये रशियाच्या संसदेच्या ड्यूमा या सभागृहाने बेलोवेझ करारच नाकारला. पुतिन यांनी 2005मध्ये संघाच्या विघटनाला शतकातली मोठी भूराजकीय आपत्ती म्हटले, तेव्हा पाश्चात्त्य राजधान्यांत नवल झाले. पण ते बोलणे या ठरावांच्याच ओळीतले होते. या ठरावांच्या मधल्या काळातच, डिसेंबर 1994मध्ये, बुडापेस्टमध्ये मात्र रशियाने युक्रेनच्या सीमांची हमी पुन्हा एकदा लिहून दिली. त्या बदल्यात युक्रेनने आपल्या भूमीवरची सर्व अण्वस्त्रे 1996पर्यंत रशियाच्या स्वाधीन केली.